ऊर्जोपचार, स्पर्श आणि धम्मातील रुग्णसेवा

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'ऊर्जा' या शब्दाला निश्चित अर्थ आहे. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. तिचे एकक ज्यूल. ती निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, केवळ एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते आणि प्रत्येक रूपात मोजता येते. आपल्या निवासी शाळेतील नववीचा कोणताही विद्यार्थी हे न अडखळता सांगेल. तोच विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी जातो तेव्हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्या कानी पडतो. मावशीच्या गुडघ्यातील 'नकारात्मक ऊर्जा' कोणीतरी हात फिरवून काढून टाकलेली असते. काकांच्या मोबाईलवर 'दूरस्थ उपचारा'साठी छायाचित्र मागणारा संदेश आलेला असतो. पहिल्या अर्थाचे गुण त्याला परीक्षेत मिळतात. दुसऱ्या अर्थावर त्याच्या घरातील पैसा खर्च होतो.

स्मरणिकेत सहसा संस्थेची वाटचाल, संस्थापकांच्या आठवणी आणि निकालाचे तक्ते यांना स्थान असते. संपादक मंडळाने विषयाची मुभा दिली, म्हणून आम्ही हा काहीसा अवघड विषय निवडला. अवघड अशासाठी की, या उपचारांकडे वळणारे लोक परके नाहीत. ते आपल्याच समाजातील शिकलेले, नोकरदार, कर्जाचे हप्ते वेळेवर फेडणारे, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर न चुकता जाणारे लोक आहेत. आणि त्यांतील अनेकांना प्रामाणिकपणे असे वाटते की, ही विद्या मूळ तथागतांचीच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला या समजुतीची चिकित्सा करणे भाग आहे.

या उपचारांची नावे पुष्कळ आहेत. पद्धत मात्र थोड्याफार फरकाने एकच. विश्वात एक जीवनशक्ती भरून आहे. कोणी तिला प्राण म्हणतो, कोणी की, कोणी ऊर्जा. ही शक्ती शरीरात अडली, गढूळ झाली किंवा कमी पडली की रोग होतो. प्रशिक्षित माणसाच्या तळहातातून ती रुग्णाच्या देहात जाते आणि अडथळा दूर होतो. रेकीमध्ये हात अंगावर ठेवतात किंवा किंचित वर धरतात. प्राणिक हीलिंगमध्ये स्पर्शच करीत नाहीत. देहाभोवतीचे 'तेजोवलय' हाताने झाडून स्वच्छ करतात. रेकीत पहिली पायरी, दुसरी पायरी आणि मग 'मास्टर' अशी चढण असते. दुसऱ्या पायरीवर गुप्त चिन्हे मिळतात आणि ती मिळाली की म्हणे दूरच्या माणसालाही बरे करता येते. प्रत्येक पायरीला शुल्क असते आणि शेवटी चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्र.

या परंपरेला 'हजारो वर्षांची' म्हणण्याची प्रथा आहे. कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात.

माणसाच्या हातातून अदृश्य शक्ती वाहते हा विचार युरोपात मोठ्या प्रमाणावर गाजवला तो फ्रान्झ मेस्मर या वैद्याने. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला. आपल्या शक्तीला त्याने 'प्राणिचुंबकत्व' म्हटले. श्रीमंत रुग्णांची रीघ लागली. १७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने चौकशी आयोग नेमला. त्यात अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिन होते, आधुनिक रसायनशास्त्राचे जनक लाव्हाझिए होते, खगोलशास्त्रज्ञ बाई होते, आणि ज्यांच्या नावाने पुढे गिलोटीन ओळखले गेले ते डॉक्टर गिलोटँही होते. या मंडळींनी जे केले ते आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. फ्रँकलिन यांच्या बागेतील एक झाड मेस्मरच्या शिष्याने 'भारित' केले. मग सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाजवळ नेण्यात आले. भारित झाड अजून बरेच दूर असताना, चौथ्या झाडापाशीच तो मुलगा बेशुद्ध होऊन पडला. शक्ती झाडात नव्हती. झाड भारित आहे या कल्पनेत होती. मुलगा ढोंग करीत होता असे मुळीच नाही. तो खरोखरच पडला. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण 'मला खरोखर बरे वाटले' असे सांगणाऱ्या माणसाला खोटारडा ठरविण्याची आवश्यकता नाही, हे या प्रयोगाने अडीचशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

हाच मेस्मेरिझम आशियात आणणारा एक गृहस्थ आपल्या चळवळीच्या इतिहासाशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष कर्नल हेन्री ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईस उतरले आणि १८८० मध्ये श्रीलंकेत गॅले येथे त्यांनी जाहीरपणे पंचशील ग्रहण केले. मद्रासच्या अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी १८९४ पासून शाळा उघडल्या. पंडित अयोथी दास यांच्या १८९८ च्या बौद्ध धम्मस्वीकारामागे त्यांचे साहाय्य होते. ही त्यांची थोरवी आम्ही मान्य करतो. परंतु याच ऑल्कॉट यांनी १८८२ मध्ये श्रीलंकेत हात फिरवून रोगी बरे करण्यास आरंभ केला. कॅथलिक मंडळी एका विहिरीच्या पाण्याचा चमत्कार उभा करणार अशी वार्ता होती. तेव्हा बौद्धांनीही बुद्धाच्या नावाने उपचार दाखवावेत, असा त्यांचा विचार. भिक्खूंना ही कला येत नव्हती, म्हणून ते स्वतःच पुढे झाले. पुढे बंगाल आणि दक्षिण भारतात हजारो रोग्यांवर त्यांनी असे हात फिरविले आणि १८८३ च्या अखेरीस, गुरूची आज्ञा झाली म्हणून, हे काम थांबविले. आधुनिक काळात हस्तोपचाराला बुद्धाचे नाव जोडले गेल्याचा हा एक ठळक दाखला. त्याचे मूळ लुंबिनीत नाही, पॅरिसमध्ये आहे. आणि प्रेरणा होती मिशनऱ्यांशी स्पर्धेची.

आता रेकी. मिकाओ उसुई यांचा जन्म १८६५ मध्ये जपानमधील गिफू प्रांतात झाला. कुरामा पर्वतावर २१ दिवस उपवास-ध्यान केल्यावर आपणास ही शक्ती लाभली असे ते सांगत. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योत संस्था काढली. १९२३ च्या भीषण भूकंपात जखमींची सेवा केली. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. तोक्योतील साइहोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात शिष्यांनी १९२७ मध्ये उभारलेली स्मृतिशिला आजही आहे. म्हणजे रेकी ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाहून अवघी पाच वर्षे जुनी आहे. त्या काळी जपानात अशा हस्तोपचारांचे पेवच फुटले होते आणि त्यांवर पाश्चात्त्य मेस्मेरिझमचा, तसेच 'योगी रामचरक' या लेखकाच्या प्राणविषयक पुस्तकांचाही प्रभाव होता. हे योगी रामचरक म्हणजे विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन नावाचे अमेरिकन वकील होते. भारतातील म्हणून सांगितलेली विद्या अमेरिकेत लिहिली गेली, जपानात वाचली गेली आणि 'प्राचीन' होऊन भारतात परतली!

उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातील निवृत्त वैद्यकीय अधिकारी. त्यांच्याकडून हवाई बेटांवर जन्मलेल्या हावायो ताकाता या जपानी वंशाच्या महिलेने ही विद्या घेतली आणि अमेरिकेत नेली. १९८० मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा त्यांनी २२ 'मास्टर' तयार केले होते आणि मास्टरपदाचे शुल्क दहा हजार डॉलर ठेवले होते. ताकाताबाई सांगत की, उसुई हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख होते आणि शिकागो विद्यापीठात शिकले होते. पुढे संशोधकांनी चौकशी केली. दोन्ही विद्यापीठांत त्यांच्या नावाची नोंद मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी बौद्धापेक्षा ख्रिस्ती उसुई अधिक स्वीकारार्ह ठरले असावेत. आणि आज आपल्याकडे तेच उसुई 'तथागतांच्या लुप्त विद्येचे पुनरुद्धारक' म्हणून सांगितले जातात. गिऱ्हाईक पाहून वंशावळ बदलणारी ही परंपरा आहे. पुराणांच्या चिकित्सेचा वारसा सांगणाऱ्या आमच्या समाजाला हा प्रकार अनोळखी वाटू नये.

प्राणिक हीलिंगचे प्रवर्तक चोआ कोक सुई हे फिलिपिन्समधील चिनी वंशाचे रासायनिक अभियंता. त्यांचे पहिले पुस्तक १९८७ चे. त्याच्या शीर्षकातच 'प्राचीन' हा शब्द आहे. चक्रांच्या रंगीत तक्त्याविषयीही एवढेच सांगता येईल की, सहा चक्रांचे वर्णन करणारा पूर्णानंदांचा संस्कृत तंत्रग्रंथ सोळाव्या शतकातील आहे, आणि तांबडा-नारिंगी-पिवळा असा इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावलेला आजचा तक्ता विसाव्या शतकात पाश्चात्त्यांनी जुळवलेला आहे.

मग तथागतांचे काय? त्रिपिटकात रुग्णांविषयी पुष्कळ आहे आणि ते वाचण्याजोगे आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, ज्या विद्यांवर भिक्खूने उपजीविका करू नये त्यांची लांबलचक यादी येते. अंगलक्षणे पाहणे, शकुन सांगणे, भूत उतरविणे, सापा-विंचवाचे मंत्र घालणे, हे सर्व तेथे 'तिरच्छानविज्जा' म्हणजे हीन विद्या म्हणून मोजले आहे. (प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की, त्या यादीत वमन-विरेचनासारखे वैद्यकीय उपचारही आहेत. आक्षेप भिक्खूने त्यांचा धंदा करण्यावर आहे.) केवट्ट सुत्तात नालंदेचा एक गृहस्थ तथागतांना विनवितो की, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवून दाखवावा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. कारणही व्यवहारी आहे: श्रद्धाळू माणूस चमत्काराने भारावेल, पण संशयी माणूस म्हणेल की याला गांधारी विद्या येते एवढेच. चमत्काराने काहीच सिद्ध होत नाही. खरा चमत्कार शिकवणुकीचा, असे ते सांगतात. आणि गुप्त चिन्हांविषयी म्हणाल तर महापरिनिब्बाण सुत्तात तथागतांनी आनंदास स्पष्ट केले आहे की, काही विद्या मुठीत झाकून ठेवणाऱ्या आचार्यांपैकी आपण नाही. दुसऱ्या पायरीचे शुल्क भरल्यावर मिळणारी चिन्हे या मुठीतलीच नव्हेत काय?

याउलट विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. कोणी त्याच्याकडे फिरकत नाही, कारण तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. तथागत आनंदास पाणी आणावयास सांगतात. स्वतः पाणी ओततात, आनंद त्याचे अंग धुतो. एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवितात. मग भिक्खूंना एकत्र करून सांगतात की, तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाराचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी, मल, थुंकी, ओकारी उचलताना किळस वाटू नये, आणि वेळप्रसंगी धम्माचे दोन शब्द बोलून रुग्णाला धीर देता यावा. पाचांत तेजोवलय कोठेही नाही. तथागतांचे स्वतःचे वैद्य जीवक हे तक्षशिलेस सात वर्षे शिकून आलेले होते, ही गोष्टही याच ग्रंथातली.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अधम्म कोणता याची वेगळी प्रकरणे लिहिली आणि अलौकिकावरील विश्वासाला त्यांत पहिल्याच रांगेत बसविले. त्यांची स्वतःची प्रकृती अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि संधिवाताने जर्जर होती; मुंबईच्या डॉ. माधवराव मालवणकरांचे उपचार ते घेत आणि त्या काळात त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्या माईसाहेब झाल्या. रोगाला डॉक्टर लागतो, हे त्यांचे आचरण होते.

आता प्रत्यक्ष कसोटीकडे वळू. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी डोलोरेस क्रिगर या परिचर्येच्या प्राध्यापिकेने आणि डोरा कुंझ या थिऑसॉफिस्ट महिलेने 'थेराप्यूटिक टच' नावाची पद्धत काढली आणि ती रुग्णालयांतील परिचारिकांत वेगाने पसरली. नाव स्पर्शाचे, प्रत्यक्षात हात अंगापासून काही इंच दूर. १९९६ मध्ये कोलोरॅडो राज्यातील एमिली रोझा या नऊ वर्षांच्या चौथीतील मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग मांडला. पुठ्ठ्याचा एक पडदा, त्याला खाली दोन भोके. उपचारकाने दोन्ही हात भोकांतून पलीकडे ठेवायचे. एमिलीने नाणे उडवून ठरवायचे की डावा की उजवा, आणि त्या हातावर काही अंतरावर आपला हात धरायचा. उपचारकाने केवळ सांगायचे: कोणत्या हाताजवळ ऊर्जा जाणवते? २१ उपचारकांनी भाग घेतला, एकूण २८० वेळा प्रश्न विचारला गेला. १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे शेकडा ४४. डोळे मिटून नुसता अंदाज केला असता तरी सुमारे ५० आली असती. हा प्रयोग एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना रोग्याच्या देहातील अडथळे जाणवतात असे म्हणतात, त्यांना समोरच्या मुलीचा हात आहे की नाही हे जाणवले नाही. रेकीविषयी स्वतंत्र पाहणीही झाली आहे. २००८ मध्ये नऊ वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेतला गेला आणि कोणत्याही रोगावर रेकी परिणामकारक असल्याचे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला.

येथे आम्हास एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आमगाव, सालेकसा, देवरी या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या झाडफूक चालत आली. कावीळ उतरविणारे, नजर काढणारे, रोवणीच्या दिवसांत साप चावलेल्याला कडुनिंबाच्या डहाळीने झाडणारे बैगा आणि पुजारी येथे होते, अजूनही आहेत. शिकलेला माणूस त्यांना अंधश्रद्ध म्हणतो आणि त्याच संध्याकाळी वातानुकूलित खोलीत डोळे मिटून ऊर्जा घेण्यास जातो. आमच्या मते बैगा या दोघांत अधिक प्रामाणिक आहे. तो आपल्या मंत्राला विज्ञान म्हणत नाही, प्रमाणपत्र वाटत नाही, आणि रात्री-बेरात्री चिखल तुडवीत येतो. दोघांचाही उपचार मात्र एकाच कारणाने चालतो, आणि ते कारण आपल्या जिल्ह्यात सिकलसेलइतके स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसत नाही.

सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष. विदर्भात तो आदिवासी समाजात आणि आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा कोणाचा शाप नाही, पूर्वजन्मीचे फळ तर नाहीच. ज्याला हा जनुक एकाच पालकाकडून मिळतो तो 'वाहक' असतो; त्याला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलपट्टीत हा जनुक टिकून राहिला तो याच कारणाने. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी शेकडा २५ शक्यता अशी की मूल सिकलसेलग्रस्त होईल. अशा मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. थंडी, पाण्याची कमतरता, ताप, अतिश्रम यांनी हे दुखणे उसळते.

हे दुखणे येते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. तिसऱ्या दिवशी बैगा आला तर पाचव्या दिवशी उतार पडल्याचे श्रेय बैग्याला. रेकीवाला आला तर रेकीला. रुग्णाच्या उशाशी तासभर कोणी शांतपणे बसले, हात हातात घेतला, तर वेदना सोसणे सोपे होते, हेही खरे. पण पेशी वाकलेलीच राहते. आणि दरवेळी दुखणे ओसरेलच असे नाही. सिकलसेलग्रस्त मुलाला ताप आला, छातीत दुखून धाप लागली, किंवा एकाएकी ते पांढरेफटक पडले, तर तो तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नव्हे. तो वेळ हात फिरविण्यात गेला तर पुढे डॉक्टरच्या हातीही काही उरत नाही. 'ही पद्धत निदान अपाय तरी करीत नाही' असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांनी हा हिशेब करावा. हिवाळ्यात वसतिगृहातील एखादे मूल गुडघे पोटाशी घेऊन कण्हू लागते, आणि घरून निरोप येतो की 'सर, त्याला दोन दिवस पाठवा, एकाकडे दाखवायचे आहे,' तेव्हा त्या 'एकाकडे' या शब्दावर आम्हास नेहमी थांबून विचारावे लागते.

या सर्व विवेचनात एक मुद्दा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो विज्ञानाच्या पुस्तकात नाही. तो स्पर्शाचा आहे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. ती मूळ पत्ररूपाने १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येण्यास तयार नव्हता. नगरशेठच्या मध्यस्थीने, दोन रुपये शुल्काच्या बोलीवर, तो आला; अट अशी की रुग्णाला वस्तीच्या बाहेर आणावे. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला. त्याच मार्गाने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. पुन्हा तो आला नाही. ती स्त्री मरण पावली.

हात न लावता केलेली ही रोगचिकित्सा ज्या समाजाने भोगली, त्याच समाजातील शिकलेली पिढी आज हात न लावता केलेल्या उपचाराला पैसे मोजते आहे. आम्ही ही तुलना उपहासासाठी करीत नाही. रेकी देणारा माणूस विटाळ मानत नाही, हे आम्हास मान्य आहे. परंतु काठेवाडातील त्या बाळंतिणीला ऊर्जेची उणीव नव्हती. तिला नाडी पाहणारा, छाती तपासणारा, औषध पाजणारा हात हवा होता. असा हात सावित्रीबाई फुल्यांचा होता. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्या स्वतः गेल्या. त्यांनी मुलाला डॉक्टरकडे नेले, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या विहारांविषयी बोलल्याखेरीज हा लेख अपुरा राहील. आजाऱ्याच्या घरी परित्राण पाठ होतो, मनगटाला पांढरा धागा बांधला जातो, पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला जातो. आम्हीही अशा पाठास बसतो. गिरिमानंद सुत्ताचे पठण आजारी भिक्खूसाठी झाले होते, आणि त्या सुत्तात रोगांची कारणे म्हणून पित्त, कफ, वात, ऋतुबदल आणि विषम आहार-विहार यांची नावे आहेत, हे मात्र पाठ करणाऱ्यांपैकी किती जण अर्थासह वाचतात? सीवक सुत्तात तर तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे की, सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच होते हे म्हणणे प्रत्यक्षाला सोडून आहे. धागा धीरासाठी असेल तर आमची हरकत नाही. धागा बांधला म्हणून गोळी बंद होत असेल तर धागा आणि गंडा यांत फरक उरत नाही, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गंडा येण्यास मागील दार उघडते. हल्ली काही ठिकाणी विहारातच 'ऊर्जा शिबिरे' भरतात. विहाराच्या समित्यांनी असे सभागृह देण्यापूर्वी महावग्गातील तो अतिसाराचा प्रसंग एकदा सभेत वाचावा, अशी आमची सूचना आहे.

कायद्याचे साहाय्य किती? डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे, तसेच बोटांनी शस्त्रक्रिया करण्याचा दावा करणे, हे त्यात गुन्हे आहेत. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मंत्र, कवच यांसारख्या 'जादूच्या उपायां'नी कर्करोग, मधुमेह आदी ठरावीक रोग बरे करण्याची जाहिरात करण्यास बंदी आहे. पण ज्याला रुग्ण स्वतःहून शुल्क भरतो, ज्यात कोणी कोणाला रोखत नाही, ती रेकी यांतून सहज निसटते. कायदा तेथे पोहोचत नाही. शिक्षकाने पोहोचावयाचे असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे. तपासणीचा आरंभ बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या थेंबाने होतो. दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने वाहक की ग्रस्त हे निश्चित होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. काठेवाडातील त्या शिक्षकाला जे मिळाले नाही, ते आज आगगाडीच्या एका तिकिटावर आहे.

संस्थेच्या व्यवस्थापनापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवितो. पहिली ही की, येत्या सत्रापासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा सिकलसेल तपासणी अहवाल वसतिगृहाच्या दप्तरी असावा, तो गोपनीय राहावा, आणि ग्रस्त मुलाचा अधीक्षक, रात्रपाळीचा कर्मचारी आणि वर्गशिक्षक या तिघांना धोक्याची लक्षणे तोंडपाठ असावीत. पाण्याची बाटली, थंडीत जास्तीचे ब्लँकेट, मैदानावरील शिक्षेतून कायमची सूट, एवढ्या साध्या गोष्टींपासून आरंभ करता येईल.

दुसरी गोष्ट विज्ञान प्रदर्शनाची. यंदा आठवीच्या मुलांनी एमिली रोझाचा पडदा उभारावा. खर्च एक पुठ्ठा, एक टॉवेल आणि एक नाणे. परिसरातील रेकी आणि प्राणिक हीलिंग करणाऱ्यांना संस्थेच्या नावाने रीतसर निमंत्रण पाठवावे, सन्मानाने बसवावे, चहा द्यावा. नाणे मुलांनी उडवावे, उत्तर पाहुण्यांनी द्यावे, नोंद दोघांच्या देखत व्हावी, आणि प्रत्येकी दहा वेळा विचारून झाल्यावर ती नोंदवही दर्शनी फळ्याशेजारी टांगून ठेवावी.